माया किती ठेवू?

कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात तिची मशीन होती. वरच्या मजल्यावर आरसे, दिवे आणि गिऱ्हाइकांचे नखरे. खाली तीन शिलाई मशिनी, इस्त्रीचं टेबल आणि छताला लागून एक लांबट खिडकी. खिडकी रस्त्याच्या पातळीवर असल्यामुळे तिच्यातून अख्खी माणसं दिसत नसत, नुसती पावलं आणि पँटच्या कडा दिसत. तेवढ्यावरूनही ती माणूस ओळखायची. "हा बायकोशी भांडून आलाय. आठ दिवस एका पायाची तुरपाई सुटलीय आणि घरात कुणी सुईला हात लावलेला नाही," असं ती हातातलं काम न थांबवता म्हणायची. शेजारी काज-बटणं करणारी तिची जुनी मैत्रीण होती, तिला सगळे काजवालीच म्हणत. ती हसून हसून बेजार व्हायची. "अगं, पावलं बघून तुला एवढं कळतं, तर तोंड बघून काय काय कळत असेल!"

तोंड बघून तिला काही कळत नसे. तोंडावर तिचा विश्वासच नव्हता.

दुकानात तिचं नाव पडलं होतं उसवणबाई. कपडा घट्ट करायचा असो की सैल, बाकीचे कडेला चिमटा घेऊन टीप मारत आणि मोकळे होत. हिला मात्र आधी सगळी शिवण उसवून पाहायची असे. आधीच्या शिंप्यानं आत काय भानगड करून ठेवली आहे हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मालक वरून ओरडायचा, "बाई, गिऱ्हाइकाला कपडा हवाय, त्याचं पोस्टमॉर्टम नकोय!" ती ऐकून घ्यायची आणि पुढची टीप उसवायची.

ही खोड काही जन्मजात नव्हती, एका बटणानं लागली होती. नवरा ट्रक चालवायचा, आठ-आठ दिवस बाहेर असायचा. एकदा धुणं वाळत घालताना तिचा हात त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर थांबला. चार भोकांच्या बटणाला ती नेहमी फुलीसारखा दोरा घालायची आणि शेवटी बटणाच्या मानेला तीन वेढे द्यायची. हे बटण दोन उभ्या रेघांनी लावलेलं होतं आणि मानेला वेढा नव्हता. "बटण तुटलं होतं वाटतं?" तिनं विचारलं. "नाही तर," नवरा म्हणाला. वाटेत एखाद्या शिंप्याकडून लावून घेतलं असं म्हणाला असता तर तिनं मानलं असतं. त्या 'नाही तर'नं घात केला. पुढच्या सहा महिन्यांत दोन रेघांची आणखी दोन बटणं घरी आली, आणि मग नवराच बटणं लावली जात होती तिकडे राहायला गेला. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, हिनं सुतावरून सवत गाठली.

तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही पाणीसुद्धा फुंकायला लागली. शाळेत मुलीला गणितात दहापैकी दहा मिळाले तर ही दुसऱ्या दिवशी वर्गात हजर. "बाई, तुम्ही नीट तपासलंत ना?" शाळेच्या बाईंनी कपाळाला हात लावला.

मुलगी जन्मली तेव्हा तळहातावर मावेल एवढी होती म्हणून आईनं तिला चिमणी म्हटलं. पुढे ही चिमणी पाच फूट नऊ इंच झाली, तळघराच्या दारातून आत येताना खांदा तिरका करायला लागली, तरी नाव तेच राहिलं. तिची वाढ आईला पाठ होती, कारण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी आंघोळ झाली की चिमणीला खोलीच्या मधोमध उभं करून आई तिची मापं घ्यायची. छाती, खांदा, दंड, कंबर, पायाची लांबी. सगळं एका जाड वहीत. पाव इंचाला आकड्यापुढे एक टिंब, अर्ध्याला दोन, पाऊण इंचाला तीन. ही टिंबांची रीत तिची स्वतःची होती. घाईत अपूर्णांक लिहायचा कंटाळा, त्यातून निघालेली. दुकानात दुसऱ्या कुणाला ती वाचता येत नसे. चिमणीला मात्र अक्षरं ओळखू येण्याआधी टिंबं ओळखू यायची.

मापं झाली की ठरलेला प्रश्न. "माया किती ठेवू?"

शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला शिवणकामात माया म्हणतात. पोर वाढलं की टीप उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला बसतो. गिऱ्हाइकाच्या कपड्यात ती अर्धा इंच माया ठेवायची, वर दोराभर नाही. चिमणीच्या कपड्यात दोन इंच.

"दोन इंच!" हात वर करून उभी असलेली चिमणी ओरडायची, आणि आई वहीत लिहायची.

गोळाफेकीचा शोध लागला तो मालकाची काच फुटून. चिमणी नऊ वर्षांची होती. शाळा सुटली की तळघरात येऊन बसायची. कापड कापताना सरकू नये म्हणून त्यावर ठेवायचं लोखंडी वजन तिनं एक दिवस उचललं आणि गंमत म्हणून फेकलं. ते इस्त्रीच्या टेबलावरून, काजवालीच्या डोक्यावरून गेलं आणि त्या लांबट खिडकीतून थेट रस्त्यावर. बाहेरची पावलं एकदम पळाली. मालक धावत खाली आला, काच बघितली, अंतर बघितलं, आणि रागवायचं विसरून म्हणाला, "हे फेकलंय एवढ्याशा पोरीनं?" आईला आधी वाटलं, हा कुणाला तरी पाठीशी घालतोय. तिनं चिमणीला पुन्हा फेकायला लावलं. दुसरी काच फुटली तेव्हा तिची खात्री पटली.

मग सुरू झाली धावपळ. पहाटे आई तिच्याबरोबर मैदानावर जायची आणि पायऱ्यांवर बसून तुरपाई करत डोळ्यांत तेल घालून बघायची. सरावाची जर्सी स्वतः शिवायची. मनगटाला बांधायच्या वाळूच्या पिशव्या जुन्या जीनच्या कापडातून दुहेरी टीप मारून करायची. रोज चार अंडी उकडायची आणि चारही चिमणीच्याच ताटात पडायची. स्वतः कधी खाल्लं, कधी नाही. काजवालीनं टोकलं तर म्हणायची, "मला अंड्याचा वास येतो." हे धडधडीत खोटं होतं.

बारा वर्षांच्या वयात चिमणीची पहिली मोठी स्पर्धा झाली. मोजणाऱ्या माणसानं फेक सांगितली, आणि आईनं कुंपणाला हात टेकून आक्षेप घेतला. तिच्या नजरेला ती फेक सांगितल्यापेक्षा वीतभर तरी लांब होती. ती सरळ आत शिरली आणि पिशवीतून आपली कापडी टेप काढली. मोजणारा म्हातारा हसला. "बाई, इथे स्टीलचीच टेप लागते. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते. दोन खुणांमधली जागा वाढते, मग ती सगळंच कमी दाखवते. तुमच्या टेपनं मोजलं तर तुमचीच पोर मागे पडेल."

"माझी टेप खोटी?" ती म्हणाली. चार दिवस तिला तो अपमान पचला नाही. चिमणी त्या दिवशी पहिली आली, तेही आईच्या फारसं लक्षात राहिलं नाही.

चौदाव्या वर्षी मॅडम आल्या. मॅडम म्हणजे चिमणीच्या प्रशिक्षक. एके काळी स्वतः गोळा फेकायच्या. आडव्या बांध्याच्या, केस बारीक कापलेले, मनगटावर पुरुषी घड्याळ, गळ्यात शिट्टी. त्यांनी चिमणीची उभं राहण्याची पद्धत बदलली आणि तीन वर्षांत पोर देशातल्या ज्युनिअर मुलींमध्ये पहिली आली. घरात कपाट नव्हतं म्हणून पदकं पिठाच्या डब्यात ठेवली होती. लोक आईचं अभिनंदन करत तेव्हा ती नुसती मान हलवायची. कारण घरात आता दिवसातून दहा वेळा एकच वाक्य ऐकू यायचं, "मॅडम म्हणाल्या."

मॅडम म्हणाल्या अंडी सकाळी नको, सरावानंतर. मॅडम म्हणाल्या पायऱ्यांवर बसून बघू नका, तिचं लक्ष विचलित होतं. मॅडम म्हणाल्या जर्सी कंपनीचीच हवी. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आई काजवालीला म्हणायची. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. एकदा घरातलं माणूस दुसऱ्या बाईच्या हातानं नेलं होतं. ती बाई तिनं कधी पाहिली नव्हती. ही तरी समोर दिसत होती.

चिमणी एकोणीस वर्षांची झाली. परदेशातल्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता, महिन्याच्या शेवटच्या रविवारी निवड चाचणी होती, आणि गोळाफेकीत दोघीच जाणार होत्या. सगळे म्हणत होते, चिमणीची जागा पक्की. नेमका त्याच महिन्यात मालकानं खाली सगळ्यांना नव्या टेपा दिल्या. तिच्या जुन्या टेपवरचे पहिले पाच आकडे पुसून गेले होते, टोकाची पत्री गळून पडली होती. चिमणी म्हणाली, "ती टाकू नकोस, मला दे." आईनं विचारलं, "तुला कशाला?" "असू दे. तिच्यानंच मोठी झालेय मी." आणि तिनं ती गुंडाळून सरावाच्या बॅगेत टाकली.

पहिल्या रविवारी आईनं नवी टेप काढली. छाती चाळीस. तिनं वही बघितली. गेल्या महिन्यात एकोणचाळीस. पुन्हा मोजलं. चाळीसच. खांदा सतरा होता, आता साडेसतरा. दंड तेरा होता, सव्वा तेरा. एवढ्यानं ती गडबडली नसती, सराव जोरात चालला होता. मग तिनं पायाची लांबी घेतली. एकोणचाळीसची चाळीस झाली होती.

मांस वाढतं, ते कळू शकतं. एकोणीस वर्षांच्या मुलीचं हाड एका महिन्यात इंचभर वाढतं?

"काय झालं?" चिमणीनं विचारलं.

"काही नाही. माया किती ठेवू?"

"दोन इंच," चिमणी म्हणाली, पण ओरडली नाही, तिचं लक्ष फोनकडे होतं. आईच्या मनात पाल चुकचुकली.

खेळाडूंना कसली कसली औषधं देतात, इंजेक्शनं टोचतात, त्यानं हाडं वाढतात, जबडा रुंद होतो, पुढे काळजावर परिणाम होतो, हे तिनं वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्या दिवसापासून ती चिमणीचा जबडा बघायला लागली. झोपलेल्या मुलीच्या हाताची बोटं बघायला लागली. पावडरीचा डबा उघडून वास घेतला, जिभेवर ठेवून पाहिली. गोड लागली, म्हणून संशय आणखी वाढला. चिमणी फोन घेऊन बाहेर जायची, हसत परत यायची, आणि "कोण होतं?" म्हटलं की "मॅडम" म्हणायची. काय बोलणं झालं म्हटलं की "काही नाही, असंच." अळीमिळी गुपचिळी. असलं 'नाही' आईनं पूर्वीही ऐकलं होतं.

त्याच आठवड्यात चिमणीनं मॅडमचं जाकीट आणलं. चेन बिघडली होती. "आई, देशील बसवून? सेफ्टी पिन लावून फिरतायत बिचाऱ्या." तळघराचा नियम होता, काम सुरू करण्याआधी खिसे रिकामे करायचे. नियम मोडायचा तिला काही कारण नव्हतं. उजव्या खिशात गोळ्यांचं पाकीट निघालं, दोन गोळ्या काढलेल्या. डाव्या खिशात चिठ्ठी होती. 'चिमणी. १४ तारखेच्या आत. आईला इतक्यात नको.'

तिनं चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून परत ठेवली, आणि चेन बसवली. टाका इतका सरळ घातला की काजवाली म्हणाली, "कुणाचं आहे गं, एवढं मन लावून करतेयस?"

काजवालीला तिनं जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. काजवाली साधी बाई. ती म्हणाली, "पोरीलाच विचार ना सरळ."

"विचारून कुणी खरं सांगितलंय मला आजवर?"

"अगं, तो तो होता. ही तुझी आहे."

"तोही माझाच होता," ती म्हणाली आणि डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी चिमणी सरावाला गेल्यावर तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्र लिहिलं, गोळाफेकीच्या संघटनेच्या चिटणिसांना. प्रशिक्षक बाई मुलीला काहीतरी देत आहेत, मुलगी निष्पाप आहे, तिला काही माहीत नाही, तिची तब्येत वाचवा. तिचा हिशेब सोपा होता. चौकशी होईल, मॅडम जातील, मुलगी राहील. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तिनं ते डाव्या हातानं लिहिलं. पाकीट लांबच्या दुकानातून आणलं, पत्र शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पेटीत टाकलं, आणि परत येताना कुणी बघत नाही ना म्हणून तीनदा मागे वळून पाहिलं. आपण किती सावध आहोत याचं तिला समाधान वाटलं. चोराच्या मनात चांदणं असतं, तिच्या मनात तर लख्ख ऊन होतं.

नुसत्या शब्दांवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून पुरावा हवा, म्हणून तिनं खाली मापं दिली होती. आधीची आणि आताची. हात बदलला, सवय बदलली नाही.

बरोबर आठवड्यानं, सुट्टीच्या दिवशी, चिमणी दुपारीच घरी आली. बॅग दारातच ठेवली.

"आज लवकर?"

"मैदान बंद केलंय मला. मॅडमना पण. लघवी तपासायला घेतली. निकाल येईपर्यंत निवड चाचणीतून नाव काढलंय."

"अगं बाई! का?" आई म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला स्वतःलाच खोटा वाटला.

"निनावी पत्र आलंय. मला दाखवलं. विचारलं, अक्षर ओळखतेस का?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही." चिमणी खुर्चीवर बसली. तिचे एवढे मोठे हात मांडीवर नुसते पडून होते. "अक्षर खरंच ओळखलं नाही गं. पण सतरापुढे दोन टिंबं होती. तेरापुढे एक होतं. कोण देतं अशी टिंबं?"

नळातून पाणी ठिबकत होतं. आईनं उठून तो घट्ट केला. मग एकदम उसळली. "मग काय करायचं होतं मी? इंचभर वाढलीस तू महिन्यात! आणि ती चिठ्ठी? चौदा तारखेच्या आत, आईला इतक्यात नको! काय नको आईला? खाई त्याला खवखवे. उगाच लपवाछपवी करतं का कुणी?"

चिमणीनं तिच्याकडे पाहिलं. "खिसे तपासलेस?"

"ते कामच आहे माझं."

"मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, दुसऱ्या शहरात. तिथे राहून सराव करायचा. मला बोलावलंय. चौदाच्या आत अर्ज द्यायचा होता. तुला कसं सांगायचं ते मला कळेना, म्हणून मॅडम म्हणाल्या, निवड होऊ दे, मग आपण दोघी जाऊन सांगू. आणि गोळ्या त्यांच्या गुडघ्याच्या आहेत."

"आधी सांगायचंस ना मग!"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

आई काय म्हणाली असती हे दोघींना माहीत होतं. कुठेतरी पाणी मुरतंय, असंच म्हणाली असती.

"आणि माप?" ती अखेर पुटपुटली. "माप तर खोटं नाही बोलत."

चिमणी उठली. बॅगेतून जुनी टेप काढली. आईच्या कामाच्या पिशवीतून नवी टेप घेतली. दोन्ही टेबलावर एकमेकींशेजारी पसरल्या, एकीकडचं टोक अंगठ्यानं दाबून धरलं. पुसलेल्या आकड्यांशी नवे आकडे जुळले. पुढे सरकता सरकता ते हळूहळू फाकत गेले. नव्या टेपचा साठावा इंच संपला तेव्हा जुन्या टेपचा साठावा इंच दीड इंच पुढे होता.

"पंधरा वर्षं ओढतेयस तू ही," चिमणी म्हणाली. "ताणली गेलीय. त्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं तुला मैदानावर. मी बारा वर्षांची होते, तरी लक्षात आहे माझ्या. तू नाही ऐकलंस." तिनं अंगातल्या शर्टाला हात लावला. "आणि हा बघ. गेल्या वर्षी शिवलायस तू. छाती इंचभर वाढली असती तर ही बटणं लागली असती? रोज समोर घालून फिरतेय मी. एकदा उसवून तरी बघायचंस."

बटणं नीट लागली होती. फुलीसारखा दोरा, मानेला तीन वेढे. आईनं ती बघितली आणि तिला इतकी लाज वाटली की तिथे उभं राहवेना. जगभरच्या शिवणी उसवणाऱ्या बाईनं एक टेप तपासली नव्हती, कारण ती स्वतःची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेली नाही. दोन्ही टेपा पिशवीत घालून संघटनेच्या कचेरीत गेली. चिटणीस जाडजूड गृहस्थ होते, त्यांच्या पँटची एका पायाची कड उसवलेली होती. तिला ती दिसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यातून काही ओळखलं नाही. समोर मॅडमही बसल्या होत्या, आपलं म्हणणं लेखी द्यायला आलेल्या. तिनं त्यांच्यादेखत दोन्ही टेपा टेबलावर पसरल्या आणि सगळं सांगितलं. डावा हात, लांबची पेटी, टिंबं, काही ठेवलं नाही. मग कागद मागितला आणि उजव्या हातानं, आपल्या रोजच्या अक्षरात लिहून खाली सही केली.

चिटणिसांनी दोन्ही टेपांचे आकडे स्वतः जुळवून पाहिले. "बाई, नमुना गेलाय तपासायला. निकाल तीन आठवड्यांनी येणार, त्याला माझा इलाज नाही. तुमच्या लेखी जबाबावर तिला चाचणीत उतरू देतो, निकाल राखून. पण मैदान उघडायला समितीची सही लागते. आठ-दहा दिवस जातील."

बाहेर आल्यावर तिनं मॅडमसमोर हात जोडले. "मॅडम, मी चुकले."

मॅडम जाकिटाची चेन वर ओढत होत्या. "चेन मात्र छान बसवलीत तुम्ही," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

समितीची सही दहा दिवसांनी झाली. ते दहा दिवस चिमणी घराच्या मागच्या बोळात वाळूच्या पिशव्या बांधून उड्या मारत होती. आई चार अंडी उकडून ठेवायची. चिमणी खायची, ताट धुवायची. बोलायची, नाही असं नाही. "आज उशीर होईल का तुला?" "साबण संपलाय." एवढंच.

निवड चाचणीला आई कुंपणाबाहेर उभी राहिली, पायऱ्यांवर बसली नाही. पहिली मुलगी लांब पुढे गेली होती, खरी लढत दुसऱ्या जागेची होती. चिमणीच्या पहिल्या दोन फेकी आखडल्यासारख्या झाल्या. शेवटची चांगली गेली. दोन माणसांनी स्टीलची टेप ताठ धरली, एकानं वाकून वाचलं. पंधरा मीटर दोन सेंटिमीटर. तिच्या वरच्या मुलीची फेक होती पंधरा मीटर सहा. चिमणी तिसरी आली. जाणार होत्या दोघी.

चार सेंटिमीटर म्हणजे दीड इंच. कुंपणाची जाळी धरून उभ्या असलेल्या बाईला तो हिशेब कुणी करून द्यावा लागला नाही. तिनं मोजणाऱ्यांकडे बोट दाखवलं नाही, आक्षेप घेतला नाही. तिला रडू आलं, आणि आजूबाजूला माणसं असूनही ती रडली.

तपासणीचा निकाल ठरल्या वेळी आला. त्यात काही निघालं नाही. मॅडमनी तो वाचला आणि चिमणीचा केंद्राचा अर्ज, चौदा तारीख उलटून गेली असली तरी, स्वतः जाऊन मंजूर करून आणला. पुढच्या सोमवारी निघायचं ठरलं. तिथला गणवेश शिवून न्यायचा होता, कापड केंद्रानं पाठवलं होतं.

त्याआधीचा रविवार महिन्याचा पहिला होता. सकाळी आंघोळ करून चिमणी खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. आपण होऊन आली, हेच आईला खूप वाटलं. आईनं टेप उचलली.

"थांब," चिमणी म्हणाली. "दे इकडे."

तिनं पिठाच्या डब्यामागून स्टीलची पट्टी काढली. कधी आणली होती कोण जाणे. टेप टेबलावर पसरली, पट्टी तिच्यावर ठेवली, आणि एक एक फूट सरकवत साठ इंचांपर्यंत नीट बघत गेली. आईनं टेपचं दुसरं टोक तिच्यासाठी धरून ठेवलं. मुलीच्या वाकलेल्या मानेकडे बघताना तिला कळलं, ही तपासण्याची पद्धत कुठून आली आहे.

"बरोबर आहे," चिमणी म्हणाली, आणि मग तिनं हात वर केले.

छाती, खांदा, दंड, कंबर, पायाची लांबी. आईनं एक एक माप वहीत लिहिलं. शेवटी पेन्सिल थांबली. तिनं खालच्या आवाजात विचारलं,

"माया किती ठेवू?"

चिमणी खिडकीबाहेर बघत होती.

"अर्धा इंच," ती म्हणाली.

आईनं मान हलवली आणि वहीत दोन टिंबं दिली.